प्रदर्शनातला गणराय आणि घरचा नैवेद्य

भाद्रपद शुद्ध चतुर्थीस महाराष्ट्रात घरोघरी मृण्मय मूर्तीत गणरायाचे आवाहन होते, प्राणप्रतिष्ठा होते, षोडशोपचारे पूजन होते आणि कुळाच्या रिवाजाप्रमाणे दीड, पाच, सात वा दहा दिवसांनी उत्तरपूजा होऊन विसर्जन होते. मातीची मूर्ती पाण्यात विरते. ती मागे ठेवण्याची वस्तूच नव्हे. परंतु ज्या मूर्ती पाषाणाच्या वा पंचधातूच्या घडविल्या गेल्या, ज्यांच्यासाठी देवालये उभी राहिली, आणि ज्या पुढे कालगतीने, लुटीने, चोरीने अथवा खरेदीने गाभाऱ्यातून उचलल्या जाऊन परदेशच्या दालनांत जाऊन बसल्या, त्यांचे काय? त्यांच्या ठायी देवत्व उरले आहे काय? त्यांच्यापुढे हात जोडावेत की केवळ कारागिरी पाहून पुढे सरकावे? कीर्तन आटोपल्यावर श्रोते हा प्रश्न आम्हांस पुष्कळदा विचारीत आले आहेत. २०२५ च्या गणेशचतुर्थीस तो आमच्याच कुटुंबात विचारला गेला, आणि त्याचे उत्तर काही अंशी पोथीत व काही अंशी स्वयंपाकघरात शोधावे लागले.

आमचे ज्येष्ठ चिरंजीव नोकरीनिमित्त लंडनला असतात. ‘आईंना आणि तुम्हांला एकदा येथे आणावयाचे, सर्वांनी मिळून सुटी घालवावयाची,’ असा सूनबाईंचा कित्येक वर्षांचा आग्रह. नातवाची शाळेची सुटी ऑगस्टात, म्हणजे नेमकी श्रावण-भाद्रपदात. घरचा गणपती धाकट्या बंधूंच्या हाती सोपवून आम्ही उभयता निघालो. समुद्रोल्लंघन हे कलिवर्ज्यांत गणलेले आहे, याचे स्मरण एका वृद्ध स्नेह्यांनी हसतहसत करून दिले. त्यांना आम्ही एवढेच म्हटले की, ज्यांनी १८९३ साली गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले ते लोकमान्य चिरोल खटल्यासाठी १९१८ साली विलायतेस गेले व १९१९ च्या नोव्हेंबरापर्यंत तेथे राहिले. अर्थात १९१९ ची चतुर्थी त्यांना लंडनमध्येच आली. त्यांच्या वास्तव्याची नोंद करणारी पाटी मेडा व्हेल भागातील त्या घरावर लावलेली आहे. तिचे दर्शन आम्ही घेतले.

लंडनच्या घरी गणपती बसत नसे. चिरंजीवांचे म्हणणे असे की, ‘आपला गणपती पंढरपुरात बसतो, तोच सर्वांचा. येथे निराळा कशाला?’ म्हणणे अगदीच चुकीचे नव्हे. अविभक्त कुटुंबात देवकार्य एकच. पण आपल्याकडे दुसराही एक नियम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे: चूल वेगळी झाली की देवधर्म वेगळा. विभक्त भावांनी देवपूजा, वैश्वदेव आपापल्या घरी करावा, हे धर्मशास्त्रही सांगते. मग चार हजार मैलांवर पेटणारी चूल एकच मानावी की वेगळी? सूनबाईंच्या मनात गणपती बसवावयाचा होता. परंतु उभयतांची नोकरी, पुरोहित नाही, मोदक जमत नाहीत, असे तिघे विघ्नकर्ते आड येत. या सुटीत या गोष्टीचा निकाल लागावा असे तिला वाटत होते. चिरंजीव मौन धरून होते.

चतुर्थीच्या चार दिवस आधी, शनिवारी, आम्ही सर्व ब्रिटिश म्युझियममध्ये गेलो. तेथे २२ मे ते १९ ऑक्टोबर २०२५ या काळात प्राचीन भारतातील धर्मकलेचे एक मोठे प्रदर्शन भरले होते. हिंदू, बौद्ध व जैन या तिन्ही परंपरांतील एकशे ऐंशींहून अधिक वस्तू त्यात मांडल्या होत्या. आम्ही मनात किंचित अढी घेऊनच आत शिरलो, हे खरे. पण मांडणाऱ्यांच्या विवेकाची दखल घेतली पाहिजे. आज ज्या समाजांत या देवतांची उपासना चालते त्या समाजांतील माणसांचा सल्ला त्यांनी घेतला होता आणि मांडणीसाठी वापरलेले रंग व साहित्य प्राणिजन्य नसावे अशी काळजी वाहिली होती. अहिंसेची ही जाणीव परक्या देशातील सरकारी दालनात पाहून समाधान वाटले.

प्रारंभीच यक्ष, यक्षी आणि नाग भेटतात. आपल्या पुराणांत यक्ष कुबेराच्या परिवारात; परंतु मूर्तींच्या जगात ते फार जुने. लंबोदर, ठेंगणे, हसऱ्या मुद्रेचे, धनधान्याचे रक्षक. त्यांच्याकडे पाहत असता गणरायाचे उदर डोळ्यांपुढे येतेच. गणेशाच्या रूपावर यक्षमूर्तींची छाया आहे असे मूर्तिशास्त्राचे अभ्यासक म्हणतात. गणांचा पती म्हटल्यावर त्यात नवल वाटण्याचे कारण नाही. पुढे १७८० च्या सुमाराचे गजलक्ष्मीचे चित्र आहे. आणि मग जावा बेटावरचा, ज्वालामुखीच्या पाषाणातून घडविलेला गणपती. काळ इसवी सन १००० ते १२०० चा. म्हणजे ज्ञानेश्वर माउलींच्या जन्मापूर्वीचा.

जावातील गणेशमूर्ती आपल्याकडील मूर्तींहून थोड्या निराळ्या असतात. पुष्कळदा दोन्ही पावलांचे तळवे एकमेकांना भिडवून, लहान मूल बसते तसा तो बसलेला असतो. त्या देशात आज बहुसंख्य प्रजा इस्लामधर्मीय आहे. तरीही १९९८ साली निघालेल्या त्यांच्या वीस हजार रुपियाच्या नोटेवर गणपतीचे चित्र होते आणि बांडुंगच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचे बोधचिन्ह गणेश हेच आहे. विद्येच्या अधिपतीला त्या लोकांनी पूर्णपणे निरोप दिलेला नाही.

त्या मूर्तीपुढे आमच्या सौभाग्यवतींनी पायांतील चपला काढून बाजूस ठेवल्या आणि हात जोडले. पहारेकऱ्याने एकवार पाहिले, काही म्हटले नाही. चिरंजीव थोडे संकोचले. ‘आई, हे देऊळ नव्हे,’ असे हळूच म्हणाले. सौ. म्हणाल्या, ‘देऊळ नसेल रे, देव तर आहे.’ तेवढ्यात नऊ वर्षांच्या नातवाने आमचा हात ओढला आणि विचारले, ‘आजोबा, या बाप्पाला जेवायला कोण देतं?’

वाचकहो, आमच्या पंढरीत पहाटे काकड्याने देव जागा होतो. पुढे नित्यपूजा, महानैवेद्य, पोशाख, धूपारती असा दिवस जाऊन रात्री शेजारती होते. देवाच्या दिनचर्येवर गावाचे घड्याळ चालते. येथे देवावर दिवे दहा वाजता लागतात आणि पाच वाजता मालवतात. शुक्रवारी तेवढी अधिक जाग. ऊन, थंडी, दमटपणा यांपासून मूर्तीस इतके जपतात की आपल्या अनेक देवळांनी ते शिकावे. पण नैवेद्य नाही. मुलाला एवढेच दिसले, आणि आमच्या मते तेच मुख्य.

शास्त्र याविषयी संदिग्ध नाही. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या आपल्या बृहद् इतिहासात निबंधकारांचे मत दिले आहे. मूर्ती भंगली, जळाली, पीठावरून ढळली, तिचा अवमान झाला, तिची पूजा खंडित झाली, अशा दहा प्रसंगी देवता मूर्तीतून निघून जाते. १६१२ च्या ‘निर्णयसिंधू’त आणि आमच्या पंढरीच्याच काशीनाथशास्त्री उपाध्ये यांनी शके १७१२ मध्ये रचिलेल्या ‘धर्मसिंधू’त अशा मूर्तीच्या पुनःप्रतिष्ठेचा विधी सांगितला आहे. याचा अर्थ सरळ आहे. पीठावरून हलविलेली, शतकानुशतके पूजा न झालेली मूर्ती ही शास्त्रदृष्ट्या देवतेने सोडलेले स्थान. मग सौ.नी हात जोडले ते व्यर्थ काय? तसेही नव्हे. भागवताच्या एकादश स्कंधात प्रतिमा आठ प्रकारच्या सांगितल्या आहेत, आणि त्यांत पाषाण, काष्ठ, धातू यांच्या पंक्तीत मनोमयी प्रतिमाही बसविली आहे. दालनातला दगड समोर होता, सौ.नी नमस्कार केला तो मनोमयीस. मनातल्या मूर्तीला स्थानभ्रंश नसतो. चिरंजीवांस हे तेथेच, खांबाशी उभे राहून सांगितले. ते म्हणाले, ‘बाबा, मग या मूर्ती परत जाव्यात की येथे राहाव्यात?’

या प्रश्नास एकच एक उत्तर देता येत नाही, कारण प्रत्येक मूर्तीची कथा वेगळी. याच संग्रहालयातील ओरिसा, बिहार, बंगालकडील कित्येक सुंदर मूर्ती चार्ल्स स्टुअर्ट नामक कंपनी सरकारच्या सेनाधिकाऱ्याने जमविलेल्या आहेत. हा गृहस्थ मूळचा आयर्लंडचा. नित्य गंगास्नान करी, देवमूर्ती बाळगी, १८०८ साली हिंदूंची बाजू मांडणारे पुस्तक त्याने लिहिले. त्याचे देशबांधव त्यास ‘हिंदू स्टुअर्ट’ म्हणून हिणवीत. १८२८ साली तो वारला. कलकत्त्यात त्याची कबर देवळाच्या आकाराची आहे. आणि त्याच स्टुअर्टवर देवळांतून मूर्ती उचलून नेल्याचे आरोप आहेत! त्याचा संग्रह विलायतेत विकला गेला आणि पुढे १८७२ साली ब्रिज कुटुंबाकडून या संग्रहालयास मिळाला. भक्त म्हणावा की अपहर्ता? आख्यानात असे पात्र आले असते तर श्रोत्यांनी आम्हांस निर्णय विचारला असता. आमचा निर्णय असा की, त्याची भक्ती खरी असेल, पण ज्या गावाने देव गमावला त्या गावाला त्या भक्तीचा काय उपयोग?

दुसरी कथा अधिक समाधानाची. तमिळनाडूतील पाथूर गावी एका पडीक शिवालयाच्या परिसरात १९७६ साली एका मजुराला जमिनीत नटराजाची धातुमूर्ती सापडली. ती हातोहात विकली जाऊन लंडनला पोहोचली आणि कॅनडातील एका कंपनीने विकत घेतली. डागडुजीसाठी ती ब्रिटिश म्युझियमकडे आली असता पोलिसांनी ताब्यात घेतली. खटला उभा राहिला. देऊळ भग्न, पूजा बंद, मग दावा करणार कोण? परंतु १९८८ साली लंडनच्या न्यायालयाने निकाल मंदिराच्या बाजूने दिला. अपील न्यायालयाने १९९१ साली तो कायम केला, आणि नटराज स्वदेशी परतला. ज्या दात्याने देऊळ बांधून दिले त्याचा पुण्यसंकल्प भग्न भिंतींबरोबर नष्ट होत नाही, हे तत्त्व परक्या न्यायासनाने मान्य केले. आमच्या मीमांसकांनी संकल्पाचे जे बळ सांगितले आहे त्याहून हे फारसे निराळे नाही.

तेव्हा चिरंजीवांस आम्ही म्हटले, ज्या देवाची वाट पाहणारे देऊळ व गाव आहे, त्याने घरी जावे. ज्याचे देऊळच राहिले नाही त्याला एका दालनातून उचलून दुसऱ्या दालनात नेल्याने राष्ट्राचा मान राखला जातो, आणि तोही लहान लाभ नव्हे. पण देवाची पूजा त्याने सुरू होत नाही. जावातील सिंगसारीची प्रसिद्ध गणेशमूर्ती नेदरलँड्सने २०२३ साली इंडोनेशियास परत केली. ती लायडेनच्या संग्रहालयातून निघाली आणि जाकार्ताच्या संग्रहालयात पोहोचली.

दुसऱ्या दिवशी नॅशनल गॅलरी पाहिली. चित्रकलेतील आमची गती अल्प, म्हणून अधिक लिहीत नाही. मात्र एक गोष्ट ध्यानी आली. तेथील जुनी ख्रिस्ती चित्रे ही बहुतांशी वेदीवरची, उपासनेची चित्रे आहेत. राजा दुसरा रिचर्ड याच्यासाठी चौदाव्या शतकाच्या अखेरीस केलेले एक घडीचे चित्र आहे. तो राजा ते आपल्यापुढे उघडून प्रार्थना करीत असे. आता त्याच्यापुढे कोणी गुडघे टेकीत नाही. सोळाव्या शतकात या देशाने आपल्याच देवळांतील मूर्ती व चित्रे मोडून काढली. ज्याने स्वतःच्या घरचा देव वेदीवरून उतरविला, त्याला दुसऱ्याचा देव दालनात ठेवताना खटकत नसावे, असे आमच्या मनात आले. हा आमचा तर्क. वाचकांनी तो तेवढाच समजावा.

आता स्वयंपाकघराकडे वळू, कारण खरी कसोटी तेथे होती. संग्रहालयातून परतताना आगगाडीत सूनबाई एकदम म्हणाल्या, ‘आई, या वर्षी मोदक घरी करावयाचे. विकतचे नकोत. आणि गणपती बसवावयाचा.’ चिरंजीवांनी मान डोलावली. नातवाच्या प्रश्नाने जे घडविले ते आमच्या निरूपणाने घडले नसते.

सौ.नी पंढरपुराहून आंबेमोहोराची पिठी नेली होती: तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून, दळून, वस्त्रगाळ केलेली. तिकडच्या दुकानांतील तांदळाचे पीठ बहुधा भरड आणि कोरडे. त्याची उकड चिरते व पारी फाटते. तूप मात्र नेता येत नाही; दुग्धजन्य पदार्थ तिकडे आपल्या देशातून नेण्यास बंदी आहे. म्हणून तेथील बिनमिठाचे लोणी आणून हरतालिकेच्या सायंकाळी कढविले. सौ.चा कडक उपवास आणि घरभर तुपाचा दरवळ! नारळ मिळाले, कोल्हापुरी गूळही मिळाला. हळदीची पाने मिळाली नाहीत. केळीच्या पानाच्या तुकड्यावर भागविले. दूर्वांची जुडी एका भारतीय दुकानात मोजून एकच सापडली. पूजेत जो उपचार उपलब्ध नाही त्याच्या स्थानी अक्षता वाहाव्यात, ही सोय आपल्या पूर्वजांनी करून ठेवली आहे. परदेशी राहणाऱ्यांनी ती मनावर बिंबवून घ्यावी; अमुक मिळाले नाही म्हणून पूजाच टाळणे हे शास्त्राला संमत नाही.

बुधवारी, २७ ऑगस्टला चतुर्थी. चिरंजीवांनी रजा घेतली. पुरोहित आम्हीच. प्राणप्रतिष्ठेच्या वेळी नातवाला जवळ बसविले आणि मूर्तीच्या नेत्रांना दूर्वेने तूप लावताना सांगितले की, आता ही माती राहिली नाही. आता याला भूक लागेल. तो गंभीर झाला. इकडे ओट्यावर सासू-सुनेचे काम चालले होते. जेवढी पिठी तेवढेच पाणी; पाण्यात चिमूटभर मीठ व चमचाभर लोणी; उकळी फुटताच पिठी वैरून, उलथन्याच्या दांड्याने ढवळून, झाकण ठेवून दणदणीत वाफ आणावयाची. मग परातीत घेऊन, सोसेल तितकी गरम असतानाच, हाताला तेल-पाणी लावून मळावयाची. सूनबाईंचे पहिले चार मोदक उकडताना उकलले. पाचवा टिकला. ‘पारी कडेला पातळ आणि तळाशी जाड ठेव, कळ्या चिमटीत धरून आधी सर्व पाड, मग मिटव,’ असे सौ. सांगत होत्या. अकराव्या मोदकाला कळ्या तेवीस पडल्या! मोजणी नातवाची. वाफेने स्वयंपाकघर भरले, त्यात कापूर-उदबत्तीची भर पडली आणि छतावरचे धुराचे सूचनायंत्र आरतीच्या ऐन भरात किंचाळू लागले. चिरंजीव स्टुलावर चढले. टाळ न थांबविता आम्ही आरती पुरी केली.

नैवेद्याच्या पानात वरणभात, लिंबाची फोड, वाटली डाळ, काकडीची कोशिंबीर, मिरच्यांचे पंचामृत, अळूची भाजी, पुरी, खीर आणि एकवीस मोदक. पानाभोवती पाणी फिरवून आम्ही डोळे मिटले. उघडले तेव्हा नातू मूर्तीच्या हातातील मोदकाकडे पाहत होता. ‘आजोबा, म्युझियममधल्या दगडाच्या गणपतीच्या हातात वाटी का असते, ते मला कळलं,’ असे तो म्हणाला. आम्ही काही विवरण केले नाही. ज्याने हे पान वाढलेले पाहिले आहे त्याला ती वाटी वाचता येते; ज्याने पाहिलेले नाही त्याच्यापुढे कितीही उत्तम माहितीफलक लावा, वाटी दगडाचीच राहते. संग्रहालयांचा आम्हांस द्वेष नाही. पण तेथे काय ठेवले आहे हे मुलांना कळावयाचे तर आधी घरी काय रांधले जाते ते कळले पाहिजे, आणि त्यासाठी आईला वा आजीला, आणि बापालाही, वर्षातून एक सकाळ द्यावी लागेल.

दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. बैलाच्या श्रमाचे अन्न त्या दिवशी वर्ज्य. सूनबाईंनी शंका काढली: या देशात शेतात बैल जुंपतच नाहीत, मग सारेच चालेल की! शंका मार्मिक. आम्ही म्हटले, नियमाचा रोख बैल नाही हा नसून आपल्या हातचे असावे हा आहे. तेव्हा मागच्या वाफ्यातील दोन मक्याची कणसे, एक भोपळा, थोड्या शेंगा आणि विकत आणलेला सुरण व भेंडी अशी भाजी झाली. कणसे कोवळी होती. लंडनमधील महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून चालत आले आहे. तेथील उत्सवालाही गेलो, तेथली आरती आणि पंगत पाहून परके वाटले नाही. पण त्याविषयी पुन्हा केव्हा तरी.

दीड दिवसाने सायंकाळी उत्तरपूजा केली, दह्याचा कानवला हातावर ठेवला आणि अंगणात मोठ्या बादलीत शाडूच्या मूर्तीचे विसर्जन झाले. नातू रात्री दोनदा बादली पाहून आला. सकाळी तळाशी नुसता गाळ होता. तो तुळशीच्या आणि जाईच्या कुंडीत घातला. तिकडे थंडीत तुळस जगत नाही, म्हणून ती कुंडी आता खिडकीत आत घेतली आहे असे सूनबाई कळवितात. देवापुढचे पीठ मात्र काढलेले नाही. पुढच्या चतुर्थीची पिठी येथूनच पाठवावयाची ठरली, सौ.नी तांदूळ धुऊन माजघरात पसरले आहेत.